ओरेके व्याह्यांकडे जेवायला जातो

तराझ शहरात कुणाची सोयरीक जुळली की पहिला फोन मुल्लाला जायचा आणि दुसरा ओरिनबासारला. मुल्ला दुवा द्यायला, ओरिनबासार जेवायला. व्याह्यांच्या घरी जाताना आपल्या बाजूनं एक तरी गडी असा लागतो की ज्याच्यापुढची परात रिकामी परत जाईल. नाहीतर समोरचे नाक मुरडतात, की यांना आमचं अन्न गोड लागलं नाही. म्हणून त्याला सगळे मानानं ओरेके म्हणत. आता हा मान वयाचा की पोटाचा, ते त्यानंही कधी विचारलं नाही.

लोक त्याच्याबद्दल जे सांगत त्यातलं निम्मं खोटं असेल, पण उरलेलं निम्मंही काही कमी नाही. एका मावसभावाच्या सोयरिकीत त्याच्यापुढे मानाचं मेंढीचं डोकं ठेवलं. ते कापायचं आणि वाटायचं असतं. कान पोरांना, टाळू मुलींना, गालाचं मांस थोरांना. ओरेकेनं सुरी घेतली, दुवा म्हटली, आणि जरा वेळानं परातीत दोन जबडे तेवढे दात विचकत राहिले. पोरं कानाची वाट बघत बसली ती बसलीच.

मेजवानीहून घरी येताना मागं राहिलेल्यांसाठी चार घास बांधून आणायचे, त्याला सारकित म्हणतात. कणकेचे तळलेले दोन-चार बाउरसाक, मांसाचा तुकडा, मूठभर चॉकलेटं. गल्लीतली पोरं दारात उभी राहून बापाच्या हातातली पिशवी ओढून घेत. ओरेकेची मोल्दिरही लहानपणी उभी राहायची. तिच्या आईनं, रौशाननं, त्यासाठी एक फुलाफुलांची कापडी पिशवी शिवली होती आणि ती नवऱ्याच्या खिशात आठवणीनं कोंबायची. बाप परत यायचा, पिशवीही परत यायची, आणि पिशवीत काय, तर तेलाचा डाग. "वाटेत भूक लागली गं," तो म्हणायचा. तेही खरंच असायचं. पुढं पुढं मोल्दिर दारात यायची बंद झाली. ओरेकेला वाटलं, पोरगी शहाणी झाली.

धंदा म्हणाल तर गाडी शिकवायचा. शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाशीही एक ब्रेक असतो, तो फार मोलाचा. एका उन्हाळ्यात एक नवशिकी बाई वळणावर गोंधळली, ओरेकेनं पाय पुढं टाकला, आणि पोट मध्ये आल्यामुळे पाय ब्रेकपर्यंत पोचलाच नाही. गाडी सरळ कलिंगडांच्या ढिगात. कुणाला खरचटलं नाही, कलिंगडं मात्र कामास आली. ओरेके खाली उतरला, एक फुटकी फोड उचलून चाखली आणि विक्रेत्याला म्हणाला, "माल चांगला आहे तुझा."

पण त्याच सुमारास त्याच्या रक्तातली साखर त्या कलिंगडाच्या वरताण निघाली. डॉक्टरीणबाईंनी कागद बघून कपाळाला हात लावला. रौशाननं नवऱ्याला गाडीत घातलं आणि शिमकेंतच्या दवाखान्यात नेऊन त्याच्या जठराचं ऑपरेशन करवून आणलं. पोटाचा वरचा एक कोपरा तेवढा कामावर ठेवला, बाकीचं पोट घरी बसवलं, आणि आतडं उचलून त्या कोपऱ्याला जोडून दिलं.

"मेंढीला चार पोटं असतात, बाबा," मोल्दिर म्हणाली. ती गुरांची डॉक्टर. "तुम्हाला आता पाव आहे."

ओरेकेची थोरली बहीण कुल्पाश आपा मात्र भडकली. "पोट काय गोणी आहे, शिवून लहान करायला? आपल्या अख्ख्या घराण्याचं पोट होतं ते. मला विचारायचं तरी."

मग सुरू झालं नव्यानं खायला शिकणं. आधी चमच्या-चमच्यानं पाणी, मग रस्सा, मग तान्ह्या बाळाला भरवतात तसलं घोटलेलं गरगट. डॉक्टरीणबाईंचे नियम ऐकून ओरेकेला वाटलं, त्यापेक्षा सैन्यात बरं होतं. घास नखाएवढा. तोंडात त्याचं पाणी होईस्तोवर चावायचा. जेवताना वर चहा नाही, पाणी नाही. साखर आणि चरबी यांना लांबूनच सलाम. आणि पोटानं 'पुरे' म्हटलं की थांबायचं.

"पोट कसं म्हणेल?"

"ज्याची त्याची तऱ्हा असते. कुणाला उचकी लागते, कुणाचं नाक गळतं."

ओरेकेचं पोट शिंकायचं. अगदी खणखणीत, एकच शिंक, की जेवण संपलं. सुरुवातीला ती तिसऱ्या चमच्यालाच यायची आणि ओरेके भरल्या वाडग्याकडे असा बघायचा की रौशानला तोंड फिरवावं लागायचं, हसू येतंय की रडू हे तिलाच कळायचं नाही.

सगळ्यांत अवघड काय, तर चावणं. दात त्याला होते, पण ते आजवर दारावरच्या रखवालदारासारखे नुसते उभे असायचे. माल न तपासता आत जायचा. सवयीनं तो घास गिळून टाकायचा, आणि मग घास अडकून गाडीच्या टपावर डोकं टेकून घामाघूम उभा राहायचा. शिकणाऱ्या पोरी विचारायच्या, "मास्तर, माझं काही चुकलं का?"

इलाज सापडला तो चौकात. गाडी लाल दिव्याला थांबली होती, तोंडात उकडलेल्या कोंबडीचा कण होता, आणि ओरेकेच्या मनात आलं की हिरवा होईपर्यंत गिळायचं नाही. लाल आहे तोवर चावायचं. जमलं की! त्या दिवसापासून तो डबा घेऊन चौकाचौकांतून जेवू लागला. तराझमधले यच्चयावत दिवे त्याच्या शिकाऊंनी पाठ केले. एक म्हातारा शिकाऊ तर कंटाळून म्हणाला, "मास्तर, आज सूप-बिप नाही का? लवकर घरी जायचंय."

घरात मात्र दिवे कुठले? तिथं रौशान कामाला आली. अंगात हिरवा झगा, खांद्यावर लाल शाल. शाल खांद्यावर आहे तोवर चावायचं, शाल सरकली की गिळायचं. बायकोकडे टक लावून नवरा जेवतोय आणि बायको मिनिटामिनिटाला शाल पाडतेय, हे खिडकीतून बघून शेजारीण म्हणाली, "ऑपरेशन फारच मानवलेलं दिसतंय."

ओरेके उतरला, साखर उतरली, पाय ब्रेकला पोचू लागला. सगळं नीट झालं. पण खरं सांगायचं तर माणूस आतून घाबरला होता. तराझमध्ये सोयरिकी होत होत्या आणि त्याला फोन येत नव्हते. खाणारा ओरेके सगळ्यांना ठाऊक होता. हा दुसरा कोण, ते खुद्द ओरेकेलाही ठाऊक नव्हतं. शेजारच्या घरून मांस शिजल्याचा वास आला की तो खिडकी लावून घ्यायचा. भुकेनं नव्हे. आपल्याला बोलावलं नाही म्हणून.

आणि अशात मोल्दिरचं जमलं.

मुलगा मेर्के गावचा येर्सायिन, तोही गुरांचा डॉक्टर. एका अडलेल्या घोडीच्या बाळंतपणात दोघांची ओळख झाली, म्हणून त्यांच्या प्रेमाची हकीकत कुणी फार खोलात शिरून विचारत नाही. मुलाकडच्या बायका येऊन मोल्दिरच्या कानात डूल घालून गेल्या. आता मुलीच्या आई-बापानं मेर्केला जायचं, आणि तिथं व्हायचं ते मुख्य काम, म्हणजे शेपटी-कलेजी. मेंढ्याच्या जाड शेपटीची उकडलेली चरबी आणि त्याचीच कलेजी, एका थाळीत, वर ताक ओतलेलं. मुलाकडचे आपल्या हातानं व्याह्यांना भरवतात.

ओरेकेच्या स्वयंपाकघरात बैठक बसली.

"शेपटी-कलेजी तोंडात पडली की व्याही," कुल्पाश आपानं मांडी ठोकून सांगितलं. "मग बापजन्मात कुणी सोयरीक मोडू शकत नाही. आणि नाही पडली तर तू कोण? चहा प्यायला आलेला पाव्हणा."

"सांगून टाकू या की, ऑपरेशन झालंय म्हणून," रौशान म्हणाली.

"सांग ना, सांग. म्हणजे ते म्हणतील, बापाचं पोट नासकं, लेकीचं काय असेल? त्या मुलाची आजी आहे ना, कानिपा, ती घर चालवते ते. एका मुलीची आत्या घोरते एवढ्यावरून तिनं स्थळ परत पाठवलं होतं."

यावर रौशाननं नवऱ्याकडे पाहिलं. कुल्पाश आपाचं घोरणं तीन घरं सोडून ऐकू जायचं.

मोल्दिर बापाच्या कमरपट्ट्याला नवं भोक पाडत होती. "नाही जमलं तर नाही, बाबा," ती म्हणाली. "मी येर्सायिनशी लग्न करणार आहे, शेपटीशी नाही." पण बोलताना तिचा हात सारखा कानाकडे जात होता, डूल आहे ना जागेवर, ते बघायला. ओरेकेनं ते पाहिलं. आयुष्यभर ऊठसूट ज्याच्या-त्याच्या पोरीसाठी जेवून आलेला माणूस, आणि स्वतःच्या पोरीच्या वेळी पोट नाही. त्याला स्वतःचा राग आला.

त्यानं शिमकेंतला डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी आधी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "डॉक्टर म्हणून सांगते, नाही. मेर्केची सून म्हणून सांगते, नखाएवढी. आधी पोट रिकामं ठेवा. चावून चावून तेल करा. मग पडायला जागा बघून ठेवा, कारण पडाल."

ठरलं तर मग. आधी काही खायचं नाही, अंड्याएवढी जागा आहे ती राखून ठेवायची. समोर येईल ते कुणाला न दिसता पिशवीत सरकवायचं. कुल्पाश आपानं फडताळातून तीच जुनी फुलाफुलांची पिशवी शोधून काढली. रौशान समोर बसणार, हिरवा झगा, लाल शाल. मोल्दिरनं घरी वाट बघायची.

मेर्केला पोचले तर अंगणाच्या भिंतीवर माणसं चढून बसलेली. मुलाचा बाप बेकेन हात पसरून पुढं आला, ओरेकेला ओलांडून गाडीपाशी गेला, आत वाकून बघितलं आणि म्हणाला, "ओरेके मागच्या गाडीत आहेत का?"

"मीच ओरेके."

बेकेननं खिशातून फोन काढला. त्यात कुणीतरी पाठवलेला फोटो होता. ओरेके, दोन्ही हातांत दोन मेंढ्यांची डोकी. तो फोटो आणि हा माणूस काही केल्या जुळेना. भिंतीवर कुजबूज सुरू झाली, की तराझवाल्यांनी भलताच माणूस आणलाय. ओरेकेनं घाईघाईनं गाडीचा परवाना पुढं केला. हात दाखवून अवलक्षण. परवान्यावरचे गाल तर चौकटीत मावले नव्हते.

"हा कुणाचा आहे?" बेकेननं विचारलं.

"माझा नवरा आहे तो," रौशान म्हणाली. "मी ओळखते ना."

"तो हल्ली डोंगरावर चालायला जातो," कुल्पाश आपानं दडपून दिलं. "रोज."

बेकेनचा चेहरा उजळला. "असं होय! मग तर भूक आणखीनच वाढली असेल. मी गावभर सांगून ठेवलंय, ओरेके येतायत म्हणून. दोन मेंढ्या जास्तीच्या पाडल्यात."

दुष्काळात तेरावा महिना तो हाच.

मानाच्या जागी ओरेकेला बसवलं. शेजारी कुल्पाश आपा, समोर रौशान, गुडघ्याखाली पिशवी. जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाच्या टोकाला कानिपा आजी, पांढरं डोईवस्त्र, तोंडात दात असतील-नसतील, पण नजर अशी की सुईत दोरा ओवावा. पदार्थांमागून पदार्थ आले. ओरेके उचलायचा, ओठांपर्यंत न्यायचा, आणि कुणी दुसरीकडे बघितलं की गुडघ्याखाली सोडायचा. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, ते असं. घोड्याचं मांस आतड्यात भरून केलेल्या काझीच्या चकत्या, बाउरसाक, सुके जर्दाळू. बेकेन खूष होऊन परत वाढायचा. पिशवी फुगत चालली, ओरेकेचा एक गुडघा दुसऱ्यापेक्षा वर चढला.

मग डोकं आलं.

सगळी खोली सरसावून बसली. भिंतीवरचे लोक खिडकीत आले. ओरेकेनं सुरी घेतली, दुवा म्हटली, आणि काय करावं ते न सुचून, आयुष्यात पहिल्यांदाच, ते कापून वाटायला लागला. गालाचं मांस आजीला. टाळू मुलींना. कुल्पाश आपा रौशानच्या कानाला लागावं तशी पुढं वाकून म्हणाली, "बघून घे गं. हे परत दिसायचं नाही." एक कान त्यानं कोपऱ्यातल्या चिमुरडीला दिला. तिनं तो खाल्ला नाही. कागदात गुंडाळून झग्याच्या खिशात घातला.

"का गं, आवडत नाही?"

"भावाला. तो घरी आहे. त्याला ताप आलाय."

ओरेके त्या खिशाकडे बघत राहिला. एवढीशी पोर, वाटेत खायचं तिच्या मनातही आलं नाही. त्याला दारात उभी असलेली मोल्दिर आठवली, दोन वेण्यांची, हात पुढं केलेली. त्यानं मान खाली घातली. लोकांना वाटलं, पाव्हणे दुवा म्हणतायत.

आणि मग कानिपा आजी थाळी घेऊन उठली.

"ओरेके," ती म्हणाली, "हा मेंढा मी बाटलीनं दूध पाजून वाढवलाय. उघड तोंड."

तिच्या चिमटीत जे होतं ते ओरेकेच्या अख्ख्या पोटाहून मोठं होतं. त्यानं तोंड उघडलं, चटकन एक कोपरा तोडला, आणि उरलेलं आजीच्या हातासकट वळवून शेजारी हसत असलेल्या बेकेनच्या उघड्या तोंडात घातलं. खोलीत हशा पिकला. भरवाभरवीत असं चालतं. पण तोडलेला कोपराही नखाएवढा कुठला, अंगठ्याएवढा निघाला.

ओरेके चावू लागला. नजर समोर, रौशानच्या लाल शालीवर. चावतोय, चावतोय. चरबी पातळ होत आली. रौशाननं शाल सरकवायला हात वर केला.

तेवढ्यात मुलाकडच्या बायका नवे कपडे घेऊन आत आल्या. व्याही-विहिणींना अंगावर कपडे चढवायची रीत, ती पार पडायलाच हवी. तिघी-चौघींनी मिळून रौशानची शाल काढून फेकली, हिरवा झगा पुरता दिसायच्या आत तिच्या अंगात मखमलीचा कोट घातला आणि गळ्यापासून गुडघ्यापर्यंत बटणं लावून टाकली.

कोट लालभडक होता.

रौशाननं पहिलं बटण काढलं. एका विहिणीनं ते परत लावलं. "असू द्या, विहीणबाई. लगेच काढणं शुभ नसतं." रौशाननं दुसरं काढलं. "उकडतंय का तुम्हाला?" म्हणत कुणीतरी खिडकी उघडली. खिडकीतून दोन माणसं आत पडली.

ओरेके चावत राहिला. आता गिळायला काय हरकत होती, म्हणाल. पण घसाच हलेना. गाडीच्या मास्तरचा घसा तो. लाल असताना पुढं जायचं नाही हे शेकडो लोकांच्या डोक्यात त्यानं ओरडून ओरडून घातलेलं. बेकेननं भाषण केलं, ओरेके चावत होता. कुणीतरी दोम्ब्रा छेडून गाणं म्हटलं, ओरेके चावत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. गाणं मध्येच थांबलं. सगळे त्याच्या जबड्याकडे बघत राहिले.

"आवडली नसेल," मागून कुणीतरी पुटपुटलं. "थुंकणार बघ."

बेकेनचा चेहरा पडला. रौशाननं डोळे मिटले. कुल्पाश आपानं मनातल्या मनात घरी गेल्यावर मोल्दिरला काय सांगायचं ते जुळवायला घेतलं.

"गप्प बसा," कानिपा आजी म्हणाली.

ती ओरेकेच्या समोर येऊन बसली आणि त्याच्या गालांवरून ओघळणारं पाणी बघत राहिली.

"सगळे गिळतात," ती म्हणाली. "आजवर या घरात किती व्याही आले. तोंडात टाकली, गिळली, मिशी पुसली. वर्षभर जिवापाड सांभाळलेल्या मेंढ्याची चव काय, ते एकालाही कळलं नाही. हा माणूस बघा. चाखतोय. डोळ्यांत पाणी आणून चाखतोय. अशा बापाची लेक आपल्या घरात येतेय. ही सोयरीक नातवंडा-पतवंडांपर्यंत टिकेल."

आणि ओरेके शिंकला.

खणखणीत. त्या हिसक्यासरशी तोंडात जे काही उरलं होतं ते आपसूक खाली गेलं. बोलणं संपता-संपता शिंक आली की ते बोलणं खरं, हे मेर्केत शेंबड्या पोरालाही माहीत. "शिंक साक्ष आली!" म्हणत खोली उठून उभी राहिली, बेकेननं ओरेकेला मिठी मारली, आणि कुणीतरी उरलेलं ताक दोघांच्या तोंडाला फासलं. सोयरीक पक्की झाली.

जिवावरचं शेपटीवर निभावलं, पण पुरतं नाही. थोड्याच वेळात ओरेकेच्या छातीत ढोल वाजायला लागला, अंगाला दरदरून घाम सुटला. 'जरा हवा खाऊन येतो' म्हणून तो उठला आणि पलीकडच्या खोलीत लोकरीच्या नमद्यावर आडवा झाला. डोळे उघडले तर उशाशी कानिपा आजी, मांडीवर फुलाफुलांची पिशवी.

"किती उरलंय?" तिनं विचारलं.

"काय, आजी?"

"पोट. माझ्या बहिणीच्या जावयानं कापून घेतलंय, तोही असाच घामेजतो. आणि पिशवी मी पहिल्या चकतीपासून बघतेय. मला दात नाहीत, डोळे आहेत."

संपलं, ओरेकेला वाटलं. पण खोटं बोलायलाही अंगात ताकद नव्हती. "कोंबडीच्या अंड्याएवढं," तो म्हणाला.

"आणि सकाळपासून काय खाल्लंस?"

"काही नाही. जागा राखून ठेवली होती."

"माझ्या शेपटीसाठी?"

"हो."

आजीनं त्याला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग खुदुखुदु हसायला लागली, इतकी की डोईवस्त्र सुटून खांद्यावर आलं. "अरे पोरा, आख्खी पोटं घेऊन येणारे दारातल्या पहिल्या बाउरसाकावर पोट भरतात. तुझ्याजवळ अंड्याएवढी जागा, ती सगळीच्या सगळी मला दिलीस. आणखी काय द्यायचं असतं व्याह्यानं?" मग एकदम गंभीर होऊन तिनं विचारलं, "लेकीला तुझं पोट नाही ना?"

"तिला तिच्या आईचं आहे."

"बरं झालं." ती उठणार तोच भिंतीपलीकडून ट्रॅक्टर सुरू व्हावा तसा आवाज आला. कुल्पाश आपा लोडाला टेकून झोपली होती. आजीनं कान टवकारले. "कोण घोरतंय ते?"

ओरेकेनं डोळे मिटून घेतले. "माझी बहीण."

आजीनं डोईवस्त्र कानांवरून घट्ट बांधलं. "मला अलीकडं ऐकू कमी येतं," ती म्हणाली आणि पिशवी घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी निघताना तिनं ती ओरेकेच्या हातात दिली. गुडघ्याखाली चेंगरलेलं सगळं काढून नवं भरलेलं. काझी, बाउरसाक, कुर्त म्हणजे सुकवलेल्या दह्याच्या गोळ्या, जर्दाळू, चॉकलेटं, तोंडापर्यंत. वर गाठ मारलेली. "सारकित," ती म्हणाली. "लेकीला."

परतीच्या वाटेवर गाडी रौशाननं चालवली. मागच्या सीटवर कुल्पाश आपा घोरत होती. ओरेके पिशवी मांडीवर धरून बसला होता. स्तेपीच्या गवताळ माळावर ऊन तापलं तशी ती वास सोडायला लागली. एका ठिकाणी त्यानं गाठीपाशी बोट नेलं. रौशाननं तिरक्या नजरेनं पाहिलं. बोट मागं आलं.

मोल्दिर दारात उभी होती. फोनवर सगळं कळलं होतं, तरी उभी होती, एक हात कानातल्या डुलावर. ओरेके खाली उतरला आणि त्यानं पिशवी पुढं केली. तिनं ती फुलं ओळखली. हातात घेतली आणि तिचा हात खाली गेला. त्या पिशवीला वजन असतं हे तिला माहीत नव्हतं.

"भरलेली आहे," ती म्हणाली.

"हो."

"वाटेत उघडली नाहीत?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"एकदा वास घेतला."

मोल्दिर तिथंच उंबऱ्यावर बसली. घोड्यांची बाळंतपणं करणारी, महिन्याभरात सासरी जाणारी बाई, गाठ दातांनी सोडून एका हातात काझी आणि एका हातात चॉकलेट घेऊन खायला लागली. आधी हे, मग ते, मग परत हे, जसं लहान पोरं खातात. खाता खाता रडत होती, आणि रडणं थांबवायचं म्हणून आणखी खात होती. ओरेके शेजारी टेकला. तिनं बाउरसाकाचा एक कण मोडून त्याच्या तोंडात घातला.

"चावा, बाबा."

तो चावू लागला आणि सवयीनं त्यानं बायकोकडे पाहिलं. रौशान अजून त्या लाल कोटातच होती, घामानं निथळत. ती समोर येऊन उभी राहिली आणि सावकाश एकेक बटण काढायला लागली.